मायक्रॉनचा हिशेब: मोटार कंपन्यांच्या गुणवत्ता विभागप्रमुखांना कोल्हापुरातून एक खुले पत्र

प्रति,
भारतात प्रवासी मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांचे गुणवत्ता आणि ग्राहकसेवा विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे एक लहान मशीन शॉप आहे. आसपासच्या फाउंड्रींमधून (ओतशाळांमधून) आलेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, आम्ही बोअरिंग, ड्रिलिंग, टॅपिंग करतो आणि तो माल मोठ्या पुरवठादारांमार्फत आपल्या इंजिनांच्या असेंब्ली लाईनवर पोहोचतो. त्यामुळे आपल्या विभागांच्या कामाची रीत मी गेली बावीस वर्षे जवळून पाहत आलो आहे आणि ती मला मनापासून पटते, हे आधीच सांगतो. कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तक्रार असली तरी मागणी एवढीच आहे की, ही रीत आपण कारखान्याच्या फाटकाबाहेरही पाळावी.

ती रीत काय असते, हे या पत्राच्या इतर वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असतो, म्हणजे ते कोणत्या दिवशी आणि भट्टीच्या कोणत्या रसातून ओतले गेले हे सांगणारी खूण. पुढे ते कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कोणाच्या हाताखालून गेले याची नोंद आम्ही ठेवतो. ऑईलची वाट असलेला भाग असेल तर तो धुऊन, ते धुवण गाळून, गाळणीवर उरलेला कचरा किती मिलिग्राम भरला आणि त्यातला सर्वांत मोठा कण किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होता, हे लिहून द्यावे लागते. शॉपमध्ये याला मिलिपोर टेस्ट म्हणतात. एखाद्या भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कुसळ, राहिली आणि ती लाईनवर सापडली, तर त्याच संध्याकाळी फोन येतो. अशा एका फोनमुळे मी स्वतः दोन पोरांना घेऊन रात्रीच्या गाडीने चाकणला गेलो आहे आणि तीन दिवस गोदामात उभा राहून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात पितळी ब्रश घेऊन, एकेक नग तपासला आहे. सॉर्टिंगचा खर्च माझा, लाईन थांबल्याच्या नुकसानीची डेबिट नोट (माझ्या बिलातून वसुलीची चिठ्ठी) माझ्या नावे, आणि वर आठ टप्प्यांचा एट-डी अहवाल, ज्यात 'असे का झाले' हा प्रश्न पाच वेळा विचारून तळाच्या कारणापर्यंत जावे लागते. 'ऑपरेटरचे लक्ष नव्हते' असे लिहिले की अहवाल परत येतो. ते कारण नव्हे, ती सबब आहे, असे आपल्यातल्याच एका अभियंत्याने मला सुनावले होते, आणि त्यांचे बरोबर होते.

आता माझ्या गाडीकडे येतो. ती कोणत्या कंपनीची, हे येथे लिहीत नाही. ज्यांची आहे त्यांच्याकडे जॉबकार्ड आहे आणि हे पत्र एका कंपनीपुरते नाही.

गेल्या नोव्हेंबरात रत्नागिरीहून परतताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो, तेव्हा गाडी ४१ हजार किलोमीटर चाललेली होती आणि वॉरंटी संपून तीन महिने झाले होते. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर, पत्र्याच्या डब्यात खडा टाकून हलवावा तसा आवाज येऊ लागला. ऑईलचा लाल दिवा लागला तो त्यानंतर, आणि दिवा लागल्यापासून इंजिन जाम होईपर्यंत मला गाडी बाजूला घेण्याइतकाही अवधी मिळाला नाही. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते, हे मला माहीत होते, पण चढावर मागे सरकणाऱ्या गाडीत ब्रेकचे पेडल पायाखाली दगडासारखे लागणे म्हणजे काय, हे त्या दिवशी कळले. मागच्या सीटवर माझी आई होती. हँडब्रेक धरला, मागून येणाऱ्या ट्रकच्या क्लीनरने उडी मारून चाकामागे धोंडा लावला. त्याचे नाव विचारायचे राहून गेले, ते अजून मनाला लागते.

गाडी टो करून कोल्हापुरात आणली. चौथ्या दिवशी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून निरोप आला की बेअरिंग फिरले आहे, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) गेला आहे, हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाचा खालचा अर्धा भाग, बदलावे लागेल. कारण विचारले तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायझरने संगणकावर माझ्या गाडीचा इतिहास उघडला आणि तिसरी सर्व्हिस १७ दिवस उशिरा झाल्याचे दाखवले. बाकी सगळ्या सर्व्हिस वेळेवर, त्यांच्याच वर्कशॉपमध्ये, त्यांनीच घातलेल्या ऑईलवर झाल्या होत्या. पण 'ऑईलकडे दुर्लक्ष' एवढे दोन शब्द जॉबकार्डावर चढले. गुडविल, म्हणजे सद्भावनेची सवलत, म्हणून सुट्या भागांचा निम्मा खर्च कंपनी देईल, मजुरी माझी, आणि त्या बदल्यात यापुढे कोणताही दावा करणार नाही अशा कागदावर सही. काढलेले भाग पाहायला मागितले, तर ते कंपनीकडे परत जातात असे उत्तर मिळाले. एट-डी अहवालात 'ऑपरेटरचे लक्ष नव्हते' हे चालत नाही आणि जॉबकार्डावर 'मालकाचे लक्ष नव्हते' हे मात्र चालते, हा फरक मला तिथेच काउंटरवर उभ्या उभ्या जाणवला.

भंगारात जाणारा ऑईल फिल्टर तेवढा मी मागून घेतला. तो त्यांनी हसत दिला. शेडमध्ये आणून पत्रा कापायच्या कात्रीने त्याचा डबा उघडला. हॅक्सॉ मुद्दाम वापरली नाही, कारण करवतीचा कीस आत पडला की पुढचे सगळे निरर्थक ठरते. कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर ठेवल्या. त्यांत चपट्या, चमकदार, नखाने दुमडणाऱ्या पापुद्र्या होत्या आणि बहुतेकांना चुंबक लावला तरी त्या हलल्या नाहीत. तो बेअरिंगच्या आतल्या मऊ थराचा भाग. ते अपेक्षितच होते. पण त्यांत एक वेटोळे सापडले, तांदळाच्या कणीएवढे, दोन फेरे घेतलेले, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खरबरीत, आणि ते चुंबकाकडे झेपावले. ज्याने आयुष्यभर ड्रिल चालवले आहे त्याला हे काय आहे ते विचारावे लागत नाही. ओतीव लोखंडाचा कीस भुकटी होऊन पडतो, तो वेटोळे घेत नाही. झिजेतून निघालेला एवढा मोठा कण सहसा असा वळत नाही, तो चेपतो. असे वेटोळे येते ते पोलाद कापताना, जसे भोक पाडताना. ते माझ्या इंजिनात कोणत्या टप्प्यावर शिरले, याचा निवाडा एका फिल्टरवरून करता येणार नाही आणि मी तो करतही नाही. मात्र माझी सर्व्हिस १७ दिवस उशिरा झाल्यामुळे ते तिथे जन्मले नाही, एवढे मी कोणाहीपुढे सांगेन.

हा काही जगावेगळा प्रकार नव्हे. ह्युंदाईने सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत सोनाटा या गाडीच्या सुमारे ४ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या, त्यामागे क्रँकशाफ्टच्या मशिनिंगमध्ये राहिलेला धातूचा कचरा हेच कारण होते: ऑईलच्या वाटेत कचरा, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ऑईल कमी, आणि वेगात असताना इंजिन बंद. पुढे किआच्याही गाड्या त्यात आल्या, रिकॉलला उशीर केल्याच्या आरोपावरून २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी तेथील नियामकाशी मिळून सुमारे २१ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि ही माहिती बाहेर आणणाऱ्या, ह्युंदाईच्याच एका माजी अभियंत्याला २०२१ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. टोयोटासारख्या, ज्यांच्या नावाने आम्हाला दर ऑडिटला उदाहरणे दिली जातात त्या कंपनीनेही २०२४ मध्ये मशिनिंगच्या कचऱ्यापायीच अमेरिकेत सुमारे १ लाख २ हजार टुंड्रा आणि लेक्सस गाड्या परत बोलावल्या व इंजिने बदलून देण्याचे ठरवले. जनरल मोटर्सच्या २०२५ मधल्या ६.२ लिटर इंजिनाच्या रिकॉलमध्ये तर ज्या गाड्या तपासणीत पास होतील त्यांना अधिक दाट ऑईल घालून देण्याचा उपाय निघाला, आणि त्यावर तिथल्या मालकांचे समाधान झाले नसेल तर मला नवल वाटणार नाही. या तिन्ही ठिकाणी दोष कारखान्यातला होता, हे कंपनीने लेखी मान्य केले. टोयोटाची लाज त्यामुळे गेली नाही. चूक होणारच, दहा लाख नगांत एक खराब नग म्हणजे आम्ही पेढे वाटतो, तेव्हा शून्य दोषाची अपेक्षा मी तरी कोणाकडून करणार नाही.

आमच्या ओळखीच्या मोटारमालकांत या विषयावर गेले तीन महिने वाद चालू आहे आणि सगळे माझ्या बाजूचे नाहीत. आमचे एक डॉक्टर स्नेही म्हणतात की निम्म्या गाड्या मालकच मारतात: ऑईलची पातळी कोणी पाहत नाही, थंड इंजिन सुरू करताक्षणी रेस करतात, पाण्यात गाडी घालतात, मग कंपनीने कोणाकोणाची इंजिने भरून द्यायची? त्यांचे म्हणणे खोटे नाही. उद्यमनगरात कोणत्याही जुन्या मेस्त्रींना विचारावे, ते चिखलासारखे झालेले ऑईल दाखवतील. उसाची शेती असलेले दुसरे एक गृहस्थ म्हणतात की इंधन बदलले त्याचे काय? पुस्तिकेत दहा टक्के इथेनॉलपर्यंत चालेल असे छापलेली गाडी घेतली आणि आता पंपावर वीस टक्क्यांशिवाय मिळत नाही. उद्या बिघाड झाला तर 'इंधन अयोग्य' असे लिहून मोकळे होणार. (ज्या इथेनॉलबद्दल ते बोलत होते ते त्यांच्याच उसापासून आमच्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांत तयार होते, याची आठवण करून दिल्यावर ते जरा वेळ गप्प बसले.) पण सर्वांत खरे बोलल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांच्याही गाडीला तसाच आवाज येत होता आणि त्यांनी ती आवाज करत असतानाच एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली. तक्रार का केली नाही, असे विचारल्यावर म्हणाल्या, तक्रार केली असती तर किंमत कोणी दिली असती?

या उत्तराकडे आपण नीट पाहावे अशी माझी विनंती आहे, कारण आपल्या देशातल्या रिकॉलच्या व्यवस्थेचे दुखणे तिथे आहे. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची संहिता आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याखालचा, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला, नियम १२७सी लागू झाला. त्यानुसार सात वर्षांपर्यंतच्या वाहनांत रस्त्यावरील सुरक्षिततेला किंवा पर्यावरणाला धोका पोहोचवणारा दोष असेल आणि वार्षिक विक्रीच्या मानाने ठरवलेल्या संख्येने तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड नाही, आणि ही तरतूद शहाणपणाची आहे असे मला वाटते. पण तक्रारींची संख्या मोजायची, तर तक्रारी नोंदल्या गेल्या पाहिजेत. मालक पुनर्विक्रीच्या भीतीने बोलत नाही, सर्व्हिस सेंटर बिघाडाला 'दुर्लक्ष' हे नाव देते, गुडविलच्या कागदावर सही झाली की प्रकरण मिटते, आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 'वाहन' या संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे हे आमच्या दहा जणांच्या बैठकीत दोघांना माहीत होते. संख्या पूर्ण व्हायची कशी? आपल्याकडे मात्र ती संख्या आहे. एका विशिष्ट इंजिनाचे किती क्रँक, किती बेअरिंग सेट, किती शॉर्ट ब्लॉक (हाफ इंजिने) देशभरातल्या वर्कशॉपना गेले, हे आपल्या सुट्या भागांच्या गोदामाला रोज कळते.

दुसरी अडचण व्याख्येची आहे. इंजिन जाम होणे हा टिकाऊपणाचा प्रश्न आहे, सुरक्षिततेचा नाही, असे मला तोंडी सांगण्यात आले. अमेरिकेत वर सांगितलेले रिकॉल झाले ते चालत्या गाडीचे इंजिन बंद पडणे हा सुरक्षिततेचाच दोष मानला गेल्यामुळे. ज्यांना यात शंका असेल त्यांनी आंबा घाटात, करूळ घाटात किंवा पावसाळ्यात फोंडा घाटात एकदा गाडी चढावर बंद करून पाहावी. आपल्याकडे कंपन्या रिकॉल करत नाहीत असे नाही. मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२१ मध्ये मोटर जनरेटर युनिटच्या तपासणीसाठी १ लाख ८१ हजार ७५४ गाड्या बोलावल्या, त्याची बातमी रीतसर आली, गाडी त्यात आहे की नाही हे चासी क्रमांक टाकून पाहता आले. असे झाले की मालकही शांतपणे गाडी नेऊन देतो. माझे भांडण त्या बिघाडांशी आहे जे अशा यादीत कधीच येत नाहीत आणि सर्व्हिसला गेलेल्या गाडीत 'कंपनीकडून एक भाग बदलायला सांगितला आहे' एवढ्या वाक्यावर गुपचूप निस्तरले जातात. ज्याची गाडी त्या महिन्यात वर्कशॉपला गेली तो वाचला, ज्याने बाहेरच्या मेस्त्रीकडे नेली तो राहिला, आणि ज्याने जुनी गाडी विकत घेतली त्याचा पत्ताच आपल्याकडे नसतो, जरी तो परिवहन खात्याच्या नोंदवहीत असला तरी.

ग्राहक न्यायालयात जा, असे आपण म्हणाल. जाता येते, आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची मोठी सोय आहे. पण त्याच कायद्यात उत्पादन दायित्वाचे जे प्रकरण आहे, त्यात 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूची हानी वगळलेली आहे. म्हणजे इंजिन जाम होऊन गाडी दरीत गेली आणि माणसाला इजा झाली तर ते प्रकरण लागू, पण धोंडा वेळेवर लागून फक्त इंजिन गेले तर नाही. तेव्हा वस्तूतला दोष म्हणून वेगळ्या वाटेने जायचे. त्या वाटेवर दोष सिद्ध करायला प्रयोगशाळेचा अहवाल लागू शकतो, त्याची फी आधी तक्रारदाराकडून भरून घेतली जाऊ शकते, आणि तपासायचा भाग तर कंपनीने परत नेलेला असतो. एअरबॅग न उघडल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये असे मत नोंदवले की, वेग आणि बलाचे गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्रातला तज्ज्ञ नसतो. मी योगायोगाने मशीनवाला निघालो म्हणून फिल्टर उघडून पाहिला. त्या शिक्षिकेने काय उघडून पाहायचे होते?

म्हणून आपल्याकडे मागणे आहे ते असे. वॉरंटीत असो वा नसो, इंजिन उघडले गेले की काढलेले बेअरिंग, क्रँक आणि फिल्टर मालकासमोर ठेवून, फोटो काढून, दोघांच्या सहीने सील करावेत, आणि निदान साठ दिवस ते कोणी नेऊ नयेत. खर्च मालक करत असेल तर ते भाग त्याचेच आहेत. बिघाडाचे कारण लिहायचे असेल तर ते आमच्याकडून मागता तसे, पाच 'का'मधून गेलेले आणि कंपनीच्या अभियंत्याच्या सहीचे असावे. वर्कशॉपच्या ॲडव्हायझरने सर्व्हिसच्या तारखा पाहून लिहिलेले नसावे, कारण तो बिचारा पंचवीस गाड्यांच्या घाईत असतो आणि त्याच्यावर राग काढण्यात मला काही अर्थ दिसत नाही. गुडविल द्यायचे तर द्यावे, पण त्याच्या बदल्यात मालकाचे तोंड बंद करणारी सही घेऊ नये. आम्हाला डेबिट नोट देताना आपण आमच्याकडून अशी सही घेत नाही, उलट सगळे लिहून मागता. आणि चासी क्रमांक टाकल्यावर केवळ अधिकृत रिकॉल नव्हे, तर त्या गाडीला लागू असलेली प्रत्येक सर्व्हिस मोहीम दिसावी, मग गाडी कितव्याही मालकाकडे असो. हीट नंबरपासून चासी क्रमांकापर्यंतची साखळी आपल्याकडे आहे. तिची आमच्या बाजूची कडी मीच वर्षानुवर्षे भरून देत आलो आहे.

यामुळे पुढच्या ऑडिटमध्ये माझे गुण कमी होतील, असा इशारा मला दोन हितचिंतकांनी दिला आहे. तसे होणार नाही असे मी धरून चालतो.

एक तातडीची गोष्ट राहिली. गारगोटीला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांकडे त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, माझ्या गाडीनंतर पाच आठवड्यांनी तयार झालेली गाडी आहे. ती त्यांनी दुसऱ्या हाताने घेतली आहे, त्यामुळे आपल्या नोंदीत अजून पहिल्याच मालकाचे नाव असेल. येत्या महिन्यात ते मुलाबाळांसह कोकणात उतरणार आहेत. त्यांच्या गाडीचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक मी संबंधित कंपनीच्या ग्राहकसेवा विभागाला स्पीड पोस्टाने कळवला आहे आणि पोचपावती माझ्याकडे आली आहे. त्या इंजिनाचा क्रँक माझ्या क्रँकच्याच बॅचमधला आहे की नाही, एवढेच विचारले आहे. आमच्याकडून असे उत्तर आपण २४ तासांत मागता. मी त्यांना जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत थांबायला सांगितले आहे.

आपला,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक आणि मोटारमालक,
कोल्हापूर